श्वास आणि सुरक्षितता : हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशनचा धडा

हैदराबादच्या नल्लकुंटा भागातील फिव्हर हॉस्पिटलला जुने लोक आजही 'कोरंटी दवाखाना' म्हणतात. या संस्थेला सर रोनाल्ड रॉस यांचे नाव दिलेले आहे. रॉस यांनी 1897 मध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात हिवतापाचा जंतू शोधला, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यापूर्वी याच शहरात झालेले एक मोठे संशोधन मात्र विस्मृतीत गेले आहे. ते होते श्वासावाटे शरीरात जाणाऱ्या क्लोरोफॉर्मच्या वाफेसंबंधी.

भूल देताना काही रुग्ण अचानक दगावत. ते हृदय बंद पडून की श्वास थांबून, हा वादाचा विषय होता. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांनी 1888 मध्ये पहिले कमिशन नेमून प्राण्यांवर प्रयोग केले. त्यावर शंका घेतली जाताच सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड मंजूर केले. 'द लॅन्सेट' या नियतकालिकाने सर लॉडर ब्रंटन यांना पाठविले आणि 1889 मध्ये दुसरे कमिशन बसले. निष्कर्ष असा निघाला की, आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. म्हणून डॉक्टरने नाडीपेक्षा श्वासाकडे लक्ष द्यावे. पुढे 1911 मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की, हलक्या भुलेतही क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची लय बिघडून एकाएकी मृत्यू येऊ शकतो. म्हणजेच श्वास चालू असणे हा सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा नव्हता.

हीच गोष्ट कार्बन मोनॉक्साइड या वायूच्या बाबतीत अधिक तीव्रतेने प्रत्ययास येते. हा वायू रक्तातील प्राणवायूची जागा घेतो, हे फ्रान्समधील क्लोद बर्नार यांनी 1857 च्या सुमारास स्पष्ट केले. हिमोग्लोबिनशी त्याची ओढ प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक आहे. इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हाल्डेन यांनी 1895 मध्ये तो स्वतः हुंगून परिणाम नोंदविले. त्यांत हातापायांतील अशक्तपणाबरोबरच दृष्टी अंधुक होणे हेही होते.

याचे कारण उघड आहे. दृष्टिपटलातील ज्या पेशींच्या तंतूंपासून दृष्टिचेता, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस बनते, त्यांना प्राणवायूची गरज फार असते. रुग्ण श्वास घेत असतो, पण पेशी उपाशी राहतात. तीव्र विषबाधेत कधी दृष्टिचेता, तर कधी मेंदूचे दृष्टिकेंद्र दुखावते. दृष्टी गेली असूनही बाहुली प्रकाशाला नीट प्रतिसाद देत असेल, तर दोष बहुधा मेंदूत असतो. काही रुग्णांत मेंदूच्या इजेची लक्षणे अनेक दिवसांनी प्रकट होतात.

आज बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटरही येथे फसते. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले रक्त त्याला प्राणवायूयुक्तच वाटते. खरे प्रमाण रक्ताच्या विशेष तपासणीतूनच कळते. म्हणून बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू असताना किंवा दारे लावून कोळशाची शेगडी पेटविलेली असताना डोके दुखू लागले, दृष्टी अंधुक झाली, तर यंत्रावरील आकडा पाहून निश्चिंत होणे योग्य नाही. प्रथम मोकळ्या हवेत येणे आणि नंतर रुग्णालयात प्राणवायू घेणे, हाच उपाय होय.

लॉरी यांचे परिश्रम प्रामाणिक होते, यात शंका नाही. तथापि जे सहज मोजता येते, तेच सत्य मानण्याची चूक त्यांच्याकडून घडली. निजामाच्या पैशातून विकत मिळालेला हा धडा आपण विसरता कामा नये.