आधी ताट, मग हिशेब

रूममेट्सचा घरखर्च वाटणाऱ्या आमच्या वेबॲपवर नवा माणूस पहिल्याच फॉर्मला कंटाळून निघून जायचा.

तेव्हा मुंबईच्या गिरणगावाबद्दल वाचलेलं आठवलं. कोकणातून, घाटावरून आलेला कामगार गाववाल्यांच्या खोलीत ट्रंक टेकवायचा आणि खाणावळीत जेवायला बसायचा. पैसे पगार झाल्यावर. हे ऑनबोर्डिंग फुकट नव्हतं बरं का! महिनाभराची उधारी खाणावळवाली सोसायची, बऱ्याचदा सावकाराचं व्याज भरून. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं.

आम्ही फॉर्म मागे ढकलला. आता लिंक उघडली की घराचा चालू हिशेब आधी दिसतो. पण नव्या माणसाचा वाटा तोवर कुणीतरी भरलेला असतो. ते नाव आम्ही अजून दाखवत नाही.