ब्रह्मकमळ

ब्रह्मकमळ या नावाने महाराष्ट्रात ओळखले जाते ते कुंडीतले, रात्री उमलणारे पांढरे फूल मेक्सिको-मध्य अमेरिकेकडच्या निवडुंगाचे. केदारनाथ-बद्रीनाथला वाहिले जाणारे हिमालयातले मूळ ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातले, बहुवर्षायू. उत्तराखंडचे ते राज्यपुष्प. त्याचे शास्त्रीय नाव सॉस्युरिया ऑब्व्हलाटा. पहिला शब्द जिनिव्हाच्या द सोस्यूर घराण्यातील निसर्गशास्त्रज्ञांच्या स्मरणार्थ आहे. दुसऱ्यात मात्र त्या फुलाचे सारे रूपच आले आहे. लॅटिनमध्ये ‘व्हॅलम’ म्हणजे तट, ‘ऑब्व्हलाटा’ म्हणजे तटाने वेढलेली. फिकट पिवळसर, कागदासारखी पातळ पाने जांभळ्या फुलोऱ्याभोवती उभी राहतात आणि सुमारे ४,००० मीटर उंचीवरच्या थंडीपावसापासून त्याला जपतात. पाकळ्या वाटतात त्या याच. कमळाशी साम्य केवळ आकाराचे.