हाय-लो पोकर : हातातील चार पानांची पारख

पोकरच्या बहुतेक प्रकारांत वरचढ पाने असणारा खेळाडू सगळी रक्कम घेऊन जातो. ‘हाय-लो’ प्रकारात मात्र मध्ये जमलेल्या रकमेचे, म्हणजे पॉटचे, दोन समान वाटे होतात. एक वाटा सर्वांत मोठ्या हाताला मिळतो, तर दुसरा सर्वांत लहान हाताला. या प्रकारातील सुपरिचित खेळ म्हणजे ‘ओमाहा हाय-लो’. त्यात प्रत्येकाला चार पाने मिळतात. ५२ पानांतून चार पाने २,७०,७२५ प्रकारे येऊ शकतात. त्यांतील खेळण्याजोगी कोणती आणि सोडून देण्याजोगी कोणती, हे ओळखण्यातच निम्मे कौशल्य आहे.

नियम थोडक्यात

मेजावर टप्प्याटप्प्याने पाच पाने उघडली जातात. खेळाडूने हातातील नेमकी दोन आणि मेजावरील तीन पाने घेऊन पाच पानांचा हात जुळवायचा असतो. मोठ्या आणि लहान हातासाठी वेगवेगळी दोन पाने वापरता येतात. लहान हातात पाचही पाने भिन्न आणि अठ्ठी किंवा त्याखालची असावी लागतात. एक्का येथे सर्वांत लहान धरला जातो आणि सिक्वेन्स किंवा कलर झाल्याने लहान हात बाद होत नाही. त्यामुळे एक्क्यापासून पंजीपर्यंतची पाने हा सर्वोत्तम लहान हात ठरतो. मेजावर अठ्ठी किंवा त्याखालची तीन भिन्न पाने आली नाहीत, तर लहान हात कुणाचाच होत नाही आणि सगळा पॉट मोठ्या हाताकडे जातो.

अर्ध्या वाट्याचा हिशेब

तीन खेळाडूंनी प्रत्येकी १०० रुपये लावले, तर पॉट ३०० रुपयांचा होतो. अर्धा वाटा जिंकणाऱ्याला १५० रुपये मिळतात, म्हणजे नफा ५० रुपये. दोन्ही वाटे जिंकणाऱ्याचा नफा मात्र २०० रुपये, म्हणजे दुप्पट नव्हे तर चौपट. दोघांचा लहान हात सारखाच निघाला, तर त्या दोघांना प्रत्येकी ७५ रुपयेच मिळतात. वाटा ‘जिंकूनही’ २५ रुपयांचे नुकसान होते. म्हणूनच पहिली चार पाने पाहताना ‘यातून अर्धा वाटा मिळेल का’ असे न विचारता ‘यातून दोन्ही वाटे मिळू शकतील का’ असे विचारायला हवे.

सहा जोड्यांची कसोटी

चार पानांतून दोन-दोनच्या सहा जोड्या होतात. एक पान जरी विसंगत असले, तरी त्यांपैकी तीन जोड्यांची उपयुक्तता घटते. सर्वोत्तम हात मानला जातो तो दोन एक्के, दुर्री आणि तिर्री यांचा. त्यातही एक एक्का व दुर्री इस्पिकची आणि दुसरा एक्का व तिर्री बदामची, असा दुरंगी असेल तर उत्तमच. मेजावर दुर्री उघडली तर हातातील दुर्री निकामी होते, पण एक्का आणि तिर्री शाबूत राहतात. एक्का उघडला तर दुर्री-तिर्री कामी येते. शिवाय एक्क्यांची जोडी आणि दोन रंगांतील कलरची शक्यता मोठ्या वाट्यासाठी हाताशी असते.

याउलट एक्का-दुर्रीबरोबर भलत्याच रंगांची नव्वी आणि राणी असेल, तर त्या हातात लहान वाट्यापलीकडे फारसे काही नसते. नवखे खेळाडू नेमके येथेच फसतात.

राजा, राणी, गुलाम, दश्शी हा हात खेळण्याजोगा आहे. मेजावर नव्वी किंवा त्यावरची तीन पाने आली, की लहान हात अशक्य होतो आणि संपूर्ण पॉटची संधी मिळते. पहिली तीनही पाने लहान उघडली, तर मात्र हा हात सोडलेला बरा.

फसवी पाने

छक्की ते नव्वी अशी मधली सलग पाने मोहक दिसतात. पण त्यांचा सिक्वेन्स होतो तेव्हा बहुधा मेजावर लहान पानेच असतात. अर्धा वाटा दुसऱ्याकडे जातो आणि सत्ती-छक्कीचा लहान हात सहसा हरतो.

तीन पत्तीत एक्क्यांच्या ट्रेलला तोड नाही. येथे मात्र हातात आलेले तीन एक्के ही अडचणच असते, कारण त्यातले दोनच वापरता येतात. चारही पाने एकाच रंगाची असतील, तर त्या रंगाची बाहेर ११ ऐवजी नऊच पाने उरतात आणि कलरची शक्यता घटते.

एडवर्ड हचिसन यांच्या गुणपद्धतीत एक्का-दुर्रीला २० गुण आहेत आणि खेळण्यासाठी किमान २० गुण अपेक्षित आहेत. म्हणजे नुसती एक्का-दुर्री उंबरठ्यापर्यंतच नेते. पुढचे काम उरलेल्या दोन पानांचे असते.

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. घरी चकत्या मांडून खेळतानाही नियम तोच : ज्या चार पानांचे एकमेकांशी जमत नाही, ती पहिल्याच फेरीत खाली ठेवावीत.