मातीच्या देवळाचा राखणदार

गाडलेलें देऊळ उकरून काढलें म्हणजे तें वांचलें, असें आपण सहज समजतों. कच्च्या विटांच्या देवळाची गोष्ट नेमकी उलटी आहे. जमिनीखालीं तें शतकानुशतकें सुखरूप राहतें. संशोधकाची कुदळ लागली कीं त्याच्या नाशास आरंभ होतो. या पेंचांत ज्यानें आपलें अर्धें आयुष्य घालविलें, त्या सान्तियागो उसेदा (१९५४–२०१८) या पेरू देशांतील पुराणवस्तुसंशोधकाची आज ओळख करून द्यावयाची आहे.

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर, त्रुहियो शहराजवळ, मोचे लोकांनीं इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकांत दोन प्रचंड वास्तू उभारल्या. त्यांना सूर्याची हुआका व चंद्राची हुआका म्हणतात. हुआका म्हणजे पवित्र स्थान. एकट्या सूर्य-हुआकेंत चौदा कोटींच्या आसपास विटा असाव्यात, असा अंदाज आहे, आणि त्या साऱ्या उन्हांत वाळविलेल्या! सतराव्या शतकाच्या प्रारंभीं सोन्याच्या लोभानें स्पॅनिश लोकांनीं नदीच वळवून तिच्यावर सोडली व तिचा मोठा भाग वाहून गेला. लुटारूंचीही कल्पकता पाहा.

चंद्र-हुआका अधिक भाग्यवान ठरली. तेथील पुरोहित जुनें देऊळ पाडीत नसत. त्याचीं दालनें विटांनीं गच्च भरून माथ्यावर नवें बांधीत. त्यामुळें आंतल्या भिंतींवरील विक्राळ देवतेचीं उठावचित्रें तांबड्या, पिवळ्या, पांढऱ्या रंगांसह टिकलीं.

उसेदा यांचा मूळ अभ्यास दगडी हत्यारांचा. १९९१ सालीं रिकार्दो मोरालेस या जतनतज्ज्ञांसह त्यांनीं येथें काम हातीं घेतलें, तेव्हां देश महागाईनें व यादवीनें होरपळत होता. अशा काळीं मातीच्या ढिगासाठीं पैसा मागणें हें धाडसच. त्यांचा दंडक असा, कीं खोदणारा व जतन करणारा यांनीं बरोबरीनें चालावें. उघड्या पडलेल्या चित्रांना इथिल सिलिकेट नांवाचें द्रव्य पाजीत. तें आंत मुरून मातीचे कण सांधतें, पण भिंतीचा श्वास कोंडीत नाहीं. मग वर छप्पर.

वाळवंटांत छप्पर कशाला? एरवीं तेथें पाऊस जवळजवळ पडतच नाहीं. पण ‘एल निन्यो’च्या वर्षीं आभाळ फाटतें. १९९८ व २०१७ सालीं तसेंच झालें. ही भीति जुनीच. १९९५ पासून स्तीव्ह बूर्जे यांना हुआकेच्या एका अंगणांत बळी दिलेल्या सत्तरांवर पुरुषांचे अवशेष सांपडले. त्यांतले कांहीं पावसाच्या चिखलांत रुतलेले होते, म्हणजे मुसळधार पावसांतच ते बळी दिले गेले.

खालचें देऊळ पाहावयाचें तर वरचें फोडावें लागतें. उसेदा यांनीं तो मोह बेतानेंच पुरविला. सर्वांत जुन्या देवळाचा बराच भाग पुरोहितांनीं रचलेल्या विटांखालीं अजून तसाच आहे.