राजाराम कॉलेजचा पैलवान आणि सात हजार रुपये



कॉलेजच्या खेळाडूंचा इतिहास सांगायचा म्हणजे ढाली आणि करंडक मोजायचे, अशी आपल्याकडे रीत आहे. मी ते करणार नाही. मी कामगार चळवळीतला माणूस. कॉलेजात शिकलो नाही. फाटकातून आत गेलो तो शिपायांची वर्गणी गोळा करायला. त्यामुळे माझी नजर आधी जमाखर्चाच्या वहीकडे जाते. खेळले कोण हे सर्वांना ठाऊक असते. त्याच्या खुराकाचे नि प्रवासाचे पैसे कोणी भरले, ते मी पाहतो.

आपल्या राजाराम कॉलेजचेच घ्या. १८८० साली निघालेल्या या कॉलेजात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा खाशाबा जाधव हा मुलगा आला. अंगाने लहानखुरा, म्हणून वार्षिक स्पर्धेत खेळशिक्षक त्याला घेईनात. पोरगा थेट प्राचार्यांच्या, बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांच्या, खोलीत गेला. त्यांनी परवानगी दिली, आणि त्याने आपल्याहून थोराड गडी चीत केले. शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधलेल्या या गावात असली बातमी पसरायला वेळ लागत नाही.

१९४८ साली लंडन ऑलिंपिकला तो गेला तो कोल्हापूरच्या महाराजांच्या खर्चाने. तांबड्या मातीत वाढलेला गडी तिथे गादीवर लढला आणि सहावा आला. पुढे संस्थान विलीन झाले. १९५२ साली हेलसिंकीला जायचे, तर खर्च कोण करणार? गोळेश्वरच्या आणि आसपासच्या माणसांनी वर्गणी काढली. तरी रक्कम भरेना. तेव्हा खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. मास्तराने शिष्याला शाबासकी देणे वेगळे आणि त्याच्यासाठी स्वतःचे छप्पर पणाला लावणे वेगळे.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल हरवले. जपानच्या इशीशी झालेली कुस्ती लांबली आणि ती ते हरले. पाठोपाठ सोव्हिएत मल्लाशी उतरावे लागले. मध्ये पुरती विश्रांती मिळाली नाही, आणि तक्रार करायला आपला कोणी अधिकारी जवळ नव्हता, असे सांगतात. तरीही ५७ किलो गटातले ब्राँझपदक हाती आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी १९९६ पर्यंत, लिअँडर पेसपर्यंत, थांबावे लागले. गावी शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक आटोपल्यावर हा पदकवीर पुन्हा कोल्हापुरात कुस्त्यांना उतरला, कारण बक्षिसाच्या पैशांतून गुरूचे घर सोडवायचे होते.

कोणी म्हणेल, गरीब देशात असे चालायचेच. तर मग श्रीमंत देशातले ऐका. १८९१ साली अमेरिकेत नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने पीचच्या टोपल्या टांगून बास्केटबॉल काढला. आज तिथल्या विद्यापीठांच्या पुरुष संघांचे सामने हा कोट्यवधी डॉलरांचा व्यवहार आहे. तिथल्या डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉल संघाने ५ मार्च २०२४ रोजी युनियन करावी की नाही यावर गुप्त मतदान केले. बाजूने १३, विरुद्ध २. खेळाडूंचे म्हणणे सरळ होते : सराव केव्हा, प्रवास कुठे, हे सारे कॉलेज ठरवते, मग आम्ही कामगार नव्हे तर कोण? कॉलेज वाटाघाटीला बसले नाही. वर्ष सरता सरता युनियनने आपला अर्ज मागे घेतला. सरकार बदलत होते, आणि नवे कामगार मंडळ उलट निकाल देऊन सर्वांचीच वाट बंद करील, ही धास्ती होती. मला हे वाचून हळहळ वाटली. पण चांगला दावा वाईट वेळी नेऊ नये, हे मीही आपटी खाऊनच शिकलो आहे.

खाशाबांना तर दाद मागायला असले मंडळही नव्हते. १९५५ साली ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले आणि तिथेच त्यांची उमर गेली. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते वारले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो २००० सालचा.