आभासी विश्व (शिक्षण)

आभासी विश्व म्हणजे संगणकाने निर्माण केलेला, एकाच वेळी अनेकांना प्रवेश देणारा आणि वापरकर्ते बाहेर पडल्यानंतरही टिकून राहणारा परिसर होय. त्यात प्रत्येक वापरकर्त्याचे एक दृश्य रूप असते. या रूपाच्या साहाय्याने तो हिंडतो, वस्तू हाताळतो आणि इतरांशी संवाद साधतो. दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणात विद्यार्थ्याचा सहभाग वाढावा, म्हणून अशा विश्वांचा उपयोग केला जातो. ध्वनिचित्रफितीत विद्यार्थी प्रेक्षक असतो. येथे त्याने कृती केल्याशिवाय पाठ पुढे सरकत नाही.

इतिहास

इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी १९७८ पासून विकसित केलेला 'मड' हा केवळ मजकुरावर चालणारा खेळ आभासी विश्वांचा पूर्वज मानला जातो. १९८०च्या दशकात लुकासफिल्मच्या 'हॅबिटॅट' या चित्रमय विश्वात वापरकर्त्याच्या रूपासाठी 'अवतार' हा मूळ संस्कृत शब्द योजला गेला. नील स्टीफन्सन यांच्या १९९२ मधील 'स्नो क्रॅश' या कादंबरीने तो अधिक रूढ केला. २००३ मध्ये लिंडन लॅब या अमेरिकी कंपनीने 'सेकंड लाइफ' खुले केले. त्यानंतर अनेक विद्यापीठांनी त्यात जागा घेऊन व्याख्यानगृहे, ग्रंथालये व प्रदर्शने उभारली.

प्रमुख शैक्षणिक प्रयोग

रिव्हर सिटी : हार्वर्ड विद्यापीठात ख्रिस डीड यांच्या नेतृत्वाखाली माध्यमिक शाळेतील मुलांसाठी हे विश्व तयार झाले. एकोणिसाव्या शतकातील एका अमेरिकी नगरात लोक आजारी पडत आहेत, अशी त्याची मांडणी होती. विद्यार्थी लहान गटांत नगरात फिरत, रहिवाशांशी बोलत, पाण्याचे नमुने व डासांची संख्या तपासत आणि रुग्णालयातील नोंदी वाचत. दूषित पाणी, डास व संसर्ग अशी रोगांची कारणे परस्परांत गुंतलेली असल्याने पाठ्यपुस्तकातील तयार उत्तर उपयोगी पडत नसे. गट आपले गृहीतक मांडून ते तपासून पाही आणि शेवटी निष्कर्ष पत्ररूपाने महापौरांना कळवी.

इकोम्यूव्ह : हार्वर्डमधीलच या प्रकल्पात विद्यार्थी एका तळ्याचे निरीक्षण वेगवेगळ्या दिवशी करतात. एके दिवशी तळ्यातील मासे मेलेले आढळतात. कारणाचा शोध मागे मागे नेल्यावर साखळी उलगडते : हिरवळीवर घातलेले खत पावसाने वाहून तळ्यात येते, त्यामुळे शेवाळ वाढते, ते मेल्यावर जिवाणू त्याचे विघटन करतात आणि त्यात पाण्यातील ऑक्सिजन घटतो. कारण व परिणाम यांच्यात काळाचे आणि जागेचे अंतर असू शकते, हे यातून स्पष्ट होते.

माइनक्राफ्ट : ठोकळे रचून बांधकाम करण्याच्या या खेळाची शैक्षणिक आवृत्ती मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. क्षेत्रफळ, घनफळ व प्रमाण शिकवण्यासाठी, तसेच ऐतिहासिक वास्तूंच्या प्रतिकृती उभारण्यासाठी ती वापरली जाते. कोविड-१९ च्या साथीमुळे विद्यापीठे बंद असताना, मे २०२० मध्ये, बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी माइनक्राफ्टमध्ये आपला परिसर उभारून तेथे पदवीदान सोहळा साजरा केला.

आभासी प्रयोगशाळांपासून वेगळेपण

सी-डॅक, मुंबई व अमृता विश्व विद्यापीठम् यांनी विकसित केलेल्या 'ओलॅब्स'सारख्या आभासी प्रयोगशाळेत विद्यार्थी एखादा ठरावीक प्रयोग पडद्यावर करून पाहतो. तेथे अवतार किंवा सहाध्यायी नसतात. आभासी विश्वात मात्र सहवास आणि सामूहिक शोध यांना मध्यवर्ती स्थान असते.

अध्यापनातील उपयोग

धोकादायक, दूरची किंवा लोप पावलेली स्थळे या माध्यमातून विद्यार्थ्यापुढे आणता येतात. चूक झाली तरी हानी होत नाही, त्यामुळे पुन्हा प्रयत्न करण्याचे धैर्य वाढते. वर्गात बोलण्यास संकोचणाऱ्या काही मुलांना अवताराच्या आडून बोलणे सोपे जाते. तथापि, विश्वात नुसते हिंडणे म्हणजे शिकणे नव्हे. प्रवेशापूर्वी निश्चित प्रश्न देणे, निरीक्षणांची वही ठेवायला लावणे आणि बाहेर आल्यावर चर्चा घडवून आणणे ही कामे शिक्षकाचीच राहतात.

मर्यादा

त्रिमितीय विश्वांसाठी बऱ्यापैकी क्षमतेचा संगणक व स्थिर इंटरनेट जोडणी लागते. घरातील एकाच भ्रमणध्वनीवर भावंडे आळीपाळीने अभ्यास करतात, तेथे हे साधन शैक्षणिक दरी कमी करण्याऐवजी वाढवू शकते. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना दृश्यप्रधान विश्वात सहभागी होणे कठीण जाते. हालचालींची तंत्रे शिकण्यातच सुरुवातीचा वेळ खर्च होतो, आणि नावीन्य ओसरल्यावर उत्साहही ओसरण्याचा संभव असतो. खुल्या विश्वांत अल्पवयीन मुलांचा अनोळखी व्यक्तींशी संपर्क येऊ शकतो, म्हणून शाळा बहुधा बंदिस्त विश्वांना पसंती देतात.

मालकीचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. लिंडन लॅबने २०१० मध्ये शैक्षणिक संस्थांची सवलत बंद करण्याचे जाहीर केल्यावर काही संस्थांनी सेकंड लाइफ सोडून 'ओपनसिम्युलेटर' या मुक्त स्रोत प्रणालीकडे मोर्चा वळवला. २०१३ मध्ये सवलत पुन्हा सुरू झाली. खासगी कंपनीच्या विश्वात विद्यार्थ्यांनी उभारलेले काम त्या कंपनीच्या धोरणावर अवलंबून राहते. त्यामुळे त्याची प्रत स्वतःकडे जतन करता येते किंवा नाही, हे साधनाची निवड करतानाच पाहणे आवश्यक ठरते.

हेही पाहा

दूरस्थ शिक्षण
आभासी वास्तव
मुक्त स्रोत