एका ओळीचा प्रमाद

हस्तलिखितांशी परिचय असणाऱ्यांस लेखनिकांचे प्रमाद नवे नाहीत. नक्कल करताना नजर एक ओळ खाली घसरते आणि पुढील सारा मजकूर विपरीत होतो. असाच एक प्रमाद एकविसाव्या शतकात कर्करोग-संशोधनात घडला. त्याचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनीही जाणून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

२००६ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या अनिल पोट्टी व सहकाऱ्यांनी 'नेचर मेडिसिन' ह्या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. जनुकांच्या क्रियाशीलतेवरून कोणत्या रुग्णास कोणते औषध लागू पडेल हे आधीच सांगता येईल, असा त्यांचा दावा होता. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स ह्यांनी तोच निष्कर्ष स्वतः काढून पाहण्याचे ठरविले. मूळ आकडेवारीचा काही भाग खुला होता. कृतीचा तपशील मात्र अपुरा. म्हणून निष्कर्षांवरून मागे मागे जात त्यांनी ती कृती शोधली. तेव्हा आढळले, की जनुकांची यादी एका ओळीने सरकलेली आहे आणि काही ठिकाणी तर 'औषधास दाद देणारे' व 'न देणारे' ह्या खुणांचीच अदलाबदल झाली आहे.

दरम्यान २००७ पासून ह्याच पद्धतीच्या आधारे रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या होत्या. म्हणजे निरुपयोगी औषधच रुग्णाच्या वाट्यास येण्याचा धोका होता. २००९ साली ही तपासणी प्रसिद्ध झाल्यावर चाचण्या थांबल्या, पण चौकशीनंतर पुन्हा सुरू झाल्या. २०१० मध्ये पोट्टींचा ऱ्होड्स शिष्यवृत्तीचा दावा खोटा ठरला, तेव्हा कोठे त्या कायमच्या बंद पडल्या. जे गणिताने व्हावयास हवे होते, ते परिचयपत्राने झाले! २०११ मध्ये निबंध मागे घेतला गेला. २०१५ साली शासकीय चौकशीने खोट्या आकडेवारीचा ठपका ठेवला. अशा चाचण्यांमागील आकडेवारी व संगणकीय आज्ञावली खुली असावी, अशी शिफारस 'इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन'ने २०१२ मध्येच केली होती.

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत (१९३३-१९६६) स्वीकृत संहितेखाली त्याज्य पाठभेदही छापलेले आहेत. संपादकाशी असहमत होण्याची सामग्री संपादकच वाचकाच्या हाती देतो. प्रमाद की लबाडी, हा निर्णयही अशा सामग्रीवाचून करता येत नाही. विद्वत्तेवरील विश्वास तिथूनच सुरू होतो.